होम थिएटर : जुळणी व दोषनिवारण

चित्रपटगृहातील बहुमार्गी ध्वनीचा अनुभव घरात मिळावा म्हणून जोडलेला दूरचित्रवाणी संच किंवा प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर व स्पीकर यांचा समूह आणि तो जेथे मांडला आहे ती खोली, यांना मिळून होम थिएटर म्हणतात. बाजारात हा शब्द बहुधा पाच छोटे स्पीकर व एक सबवूफर (फक्त खर्ज वाजविणारा मोठा स्पीकर) एवढ्यासाठीच वापरतात. खोक्यावर छापलेले ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल शक्ती) वॅटचे आकडे अशा संचाच्या क्षमतेबद्दल फारसे काही सांगत नाहीत. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, हेच माप त्यातल्या त्यात ग्राह्य धरावे.

पाच मुख्य ध्वनिमार्ग व एक स्वतंत्र खर्ज मार्ग या रचनेला ‘५.१’ म्हणतात. या संज्ञेच्या उगमाबाबत दोन मते आढळतात. ध्वनिअभियंता टॉमलिन्सन होल्मन यांनी ती १९८७ मध्ये चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या एका बैठकीत सुचविली, असे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्या मतानुसार ही रचना १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या चित्रपटांच्या ७० मिमी. रुंद फितीच्या प्रतींत, विशेषतः १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या ध्वनियोजनेत, आधीच सिद्ध झाली होती. पहिले मत नावाचा उगम सांगते व दुसरे रचनेचा, त्यामुळे त्यांत खरा विरोध नाही. दोषनिवारणाच्या दृष्टीने मात्र दुसरे मत अधिक उपयोगी ठरते. त्या प्रतींतील स्वतंत्र खर्ज मार्ग पडद्यामागील मुख्य स्पीकरांवर ताण न येता जादा खर्ज देता यावा म्हणून आला होता. सर्व खर्ज त्यातूनच वाजावा असा हेतू नव्हता. आजही ‘.१’ हा सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतचा स्वतंत्र ध्वनिमार्ग आहे आणि सबवूफर हे उपकरण आहे. दोन्ही एकच समजणे ही सर्वांत रूढ चूक होय. मालिका किंवा बातम्या बहुधा दोनच मार्गांच्या ध्वनीत येतात व त्यांत हा खर्ज मार्ग नसतो. अशा वेळी ॲम्प्लिफायरच्या मेनूमध्ये समोरचे स्पीकर ‘लार्ज’ (खर्जही स्वतःच वाजविणारे) ठरविलेले असल्यास सबवूफर गप्प राहतो आणि तो बिघडला असा समज होतो. स्पीकर ‘स्मॉल’ ठरवून विभाजनाची कंप्रता (जिच्या खालचा ध्वनी सबवूफरकडे जातो ती) ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवली, की बहुतेक वेळा तक्रार मिटते.

स्पीकरांच्या जागांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस ७७५ ही शिफारस प्रमाण मानतात. तीनुसार डावा व उजवा स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे श्रोत्याच्या बाजूला किंचित मागे असावेत. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत छताजवळ खिळ्याला टांगण्याची पद्धत सोयीची असली तरी या शिफारशीशी जुळत नाही.

खोलीचा परिणाम उपकरणांपेक्षा मोठा असतो. १२ × १० फुटांची व १० फूट उंचीची खोली घेतल्यास रुंदी व उंची या दोन्हींचे मूळ अनुस्पंदन (भिंतींमध्ये आदळून ध्वनीचे घुमणे) सुमारे ५६ हर्ट्‌झवर एकत्र येते, म्हणून तो एकच खर्ज स्वर घुमत राहतो. सबवूफर कोपऱ्यातून हाताच्या अंतराने सरकविणे हा पहिला उपाय. गिलावा केलेल्या भिंती व फरशी यांमुळे टाळी वाजविल्यावर ‘टर्रर’ असा सूक्ष्म प्रतिध्वनी ऐकू येतो. जाड सतरंजी, पडदे आणि भरलेले पुस्तकांचे कपाट यांनी तो बराच शोषला जातो.

नागपुरात सुमारे मार्च ते जून कूलर सुरू असतो व त्याच्या सततच्या आवाजात हळू संवाद बुडतात. तेव्हा सर्वच आवाज वाढविल्यास खर्ज असह्य होतो; त्याऐवजी संवाद वाजविणारा मधला स्पीकर दोन-तीन डेसिबेलने उचलावा. ॲम्प्लिफायर मायक्रोफोनने स्पीकरांची अंतरे व पातळ्या मोजतो ती स्वयंचलित मापणी मात्र कूलर व पंखा बंद करूनच घ्यावी. या मापणीत सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, तो दोष नसून सबवूफरमधील परिपथाच्या विलंबाची भरपाई असते. कूलरच्या दमट झोतासमोर कागदी शंकूचा स्पीकर ठेवू नये.

सतत घूं असा आवाज येत असेल तर त्याची कंप्रता पाहावी. ५० हर्ट्‌झचा असल्यास बहुधा अर्थिंगचे वेटोळे (‘ग्राउंड लूप’, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक वाटांनी जमिनीशी जोडली जाणे) कारण असते. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल काढताच आवाज थांबला, तर तेच निदान पक्के. १०० हर्ट्‌झचा असल्यास वीजपुरवठ्यातील कपॅसिटरकडे संशय जातो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती सुकली, की तिचा रोध वाढतो व सर्वच उपकरणांच्या धातूच्या पेट्या काहीशा ‘तरंगतात’. पेटीला बोट लावल्यावर झिणझिण्या येतात आणि आवाजही गुणगुणू लागतो. अशा वेळी खड्ड्यात पाणी घालावे व सर्व उपकरणे एकाच बोर्डवर आणावीत. गुणगुण घालविण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याचा उपाय काही जण करतात. तो जिवावर बेतणारा आहे.

एखाद्या स्पीकरच्या लाल व काळ्या तारांची उलटापालट झाली असल्यास खर्ज विरतो व गाणाऱ्याचा आवाज मध्यभागी न ठरता इकडेतिकडे भटकतो. ॲम्प्लिफायरपासून तारा सोडवून लाल तारेला दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक व काळीला ऋण टोक क्षणभर टेकवावे. शंकू पुढे उसळला तर जोडणी बरोबर, आत ओढला गेला तर उलट.

दूरचित्रवाणीचा आवाज ॲम्प्लिफायरला परत नेणारी ‘एआरसी’ ही सोय एचडीएमआय या चित्र व ध्वनी नेणाऱ्या जोडणीच्या १.४ आवृत्तीत, २००९ मध्ये आली. ती दूरचित्रवाणी संचाच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एकाच खाचेत चालते आणि बऱ्याच संचांत सीईसीचे (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याच्या सोयीचे) नियंत्रण चालू असावे लागते. बहुतेक बिनतारी मागील स्पीकरांनाही विजेची तार लागते, एवढे येथे नोंदविणे पुरे.