एकच तक्ता, दोन टक्केवाऱ्या

टायटॅनिकवरून वाचलेल्यांत सर्वांत मोठा वाटा कर्मचाऱ्यांचा: २९.८ टक्के. वाचण्याचं प्रमाण मात्र कर्मचाऱ्यांचंच सर्वांत कमी: २४ टक्के. दोन्ही विधानं एकाच तक्त्यातली आणि दोन्ही बरोबर.

'आर' या आकडेवारीच्या संगणकभाषेसोबत मिळणाऱ्या टायटॅनिकच्या तक्त्यात २२०१ जण आहेत, त्यांपैकी ७११ वाचले. कर्मचारी ८८५, त्यांतले २१२ वाचले. या २१२ला ८८५ने भागलं की २४, ७११ने भागलं की २९.८. अंश तोच, छेद वेगळा. जोडस्तंभ, म्हणजे दर गटाचे दोन स्तंभ शेजारीशेजारी असलेला आलेख, काढताना घोळ होतो तो इथेच, कारण छेद चित्रात कुठेच दिसत नाही.

वर्गानुसार छेद घेतला तर पहिल्या वर्गातले ६२.५ टक्के (३२५पैकी २०३) वाचले, तिसऱ्या वर्गातले २५.२ टक्के (७०६पैकी १७८). दरी डोळ्यांत भरते. आता छेद ७११ करा: पहिल्या वर्गाचा स्तंभ २८.६, तिसऱ्याचा २५. जवळजवळ बरोबरीचे! तिसऱ्या वर्गात दुप्पटीहून जास्त माणसं होती, ही गोष्टच गायब. जीव वाचण्याची शक्यता कुणाला किती, हे सांगायचं असेल तर हा दुसरा आलेख चक्क दिशाभूल करतो. वाचलेल्यांत कोण कोण होतं, एवढंच विचारलं असेल तर तो योग्य.

आलेख दुसऱ्याचा असेल तर बेरीज करून पाहावी. एका वर्गाचे 'वाचले' आणि 'दगावले' हे शेजारचे दोन स्तंभ मिळून १०० होत असतील, तर छेद वर्गाचा. एकाच रंगाचे चारही स्तंभ (तीन वर्ग आणि कर्मचारी) मिळून १०० होत असतील, तर छेद वाचलेल्यांचा किंवा दगावलेल्यांचा. सगळे आठ मिळून १०० झाले तर भागाकार २२०१ने झालाय. त्यात कर्मचारी ९.६, पहिला वर्ग ९.२, यातून काय घ्यायचं, देव जाणे.

एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये (गटवार बेरजेच्या तक्त्यात) 'शो व्हॅल्यूज ॲज'खाली रो टोटल, कॉलम टोटल आणि ग्रँड टोटल असे तिन्ही पर्याय असतात. ओळींत वर्ग असतील तर रो टोटल घ्या. 'आर'मध्ये प्रॉप.टेबल या प्रमाण काढणाऱ्या फंक्शनला मार्जिन (ओळीच्या बेरजेने भागायचं की रकान्याच्या, हे) दिलंच नाही, तर ते गुपचूप एकूण बेरजेने भागतो. जीजीप्लॉट या 'आर'च्या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये काउंटला (मोजणीला) सम(काउंट)ने, म्हणजे सगळ्या मोजण्यांच्या बेरजेने, भागणारी प्रचलित युक्तीही तेच करते. त्यामुळे मी टक्के आधी तक्त्यात काढून घेतो, मग स्तंभ. वर्गाचा छेद असेल तर 'दगावले'चा स्तंभ काढूनच टाकतो, ६२.५ दिसल्यावर ३७.५ वेगळे कशाला? आणि उभ्या अक्षावर नुसतं 'टक्के' न लिहिता 'त्या वर्गातल्या एकूण माणसांपैकी टक्के' असं लिहितो.