कासाळ्याचा ठेका आणि परगावचं पोर

जूनमध्ये माझा सात वर्षांचा भाचा सोलापूरहून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, राहायला आला. शाळेत शिकवणं मराठीतून, पण मधल्या सुट्टीतली भांडणं कोंकणीतून. त्यामुळे पोर भिंतीला टेकून उभं राहायचं. शेजारच्या काकींनी मायेनं दिष्ट काढली. मीठ-मिरच्या चुलीत गेल्या, पोर होतं तिथंच. गप्प झालेल्या मुलाला खेळगडी हवे असतात, मिरच्यांनी ते येत नाहीत, हे आपण अजून किती वर्षं सांगत बसायचं?

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती सुरू झाली, आणि कोणीतरी त्याच्या हातात कासाळी, म्हणजे झांज, दिली. आरत्या मराठीत, म्हणजे शब्द ओळखीचे. ठेका मात्र नवा. पहिल्या रात्री त्याचा ‘छण’ सगळ्यांच्या मागून यायचा. पाचव्या रात्री तो कुठला, हे मला कानानं वेगळं काढता येईना. या पाच रात्रींत डोक्यात काय घडलं, ते मला सांगायचंय.

आवाज कानावर पडल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दोन ठोके धरले, तर दोन ठोक्यांत अंतर पाचशे मिलिसेकंदांचं. ऐकून वाजवणारा दर वेळी ढळढळीत मागे पडणार. ठेका धरणारा माणूस ऐकून वाजवत नाही, तो पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधून हात आधीच सोडतो. साध्या ठेक्यावर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं.

अंदाज चुकतोच. तेव्हा मेंदू प्रत्येक चुकीचा काही हिस्सा पुढच्या ठोक्यात वळता करतो. समजा मूल ४० मिलिसेकंद मागे पडलं आणि दर वेळी निम्मी चूक सुधारतं. मग उरतात २०, नंतर १०, नंतर ५. प्रयोगात ठोका इतका थोडा सरकवतात की ऐकणाऱ्याला तो सरकल्याचं कळतही नाही. तरी त्याचं बोट दुरुस्ती करून मोकळं होतं.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. समोर यंत्र नसून माणूस असेल, तर तोही दुरुस्ती करतो. मुलगा २० पुढे सरकला, समोरचा २० थांबला, की चाळीसची चूक एकाच ठोक्यात शून्य! उलट दोघांनीही पूर्ण ४० सुधारले, तर ते एकमेकांना ओलांडून जातील आणि चूक तेवढीच, पण उलट्या बाजूची उरेल. म्हणून दोघांनी मिळून सुधारायचा हिस्सा एकच्या, म्हणजे पूर्ण चुकीच्या, आसपास राहावा लागतो. एकमेकांना ऐकत बोटं आपटणाऱ्या जोड्यांमध्ये पुढारी आणि अनुयायी असे भाग पडत नाहीत, दोघंही एकमेकांच्या मागे जात असतात, असं दिसलं आहे. पाचव्या रात्री फक्त पोर सुधारलं नव्हतं. वाडाही त्याच्याकडे थोडा सरकला होता.

आणि याचा आपलेपणाशी संबंध आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांनी ढोल वाजवला. यंत्राबरोबर वाजवताना ठेका कच्चा राहिला, माणसाबरोबर तो चांगला जमला. २०१४ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ महिन्यांच्या बाळांना संगीतावर झुलवलं. समोरची बाई काही बाळांबरोबर तालात झुलत होती, काहींबरोबर बेतालात. नंतर तिच्या हातून वस्तू ‘चुकून’ पडल्या. तालात झुललेल्या बाळांनी त्या उचलून द्यायला जास्त मदत केली. ज्यांना धड बोलताही येत नाही, त्यांनी!

चवथीत मोबाईलवर फिरणारे ‘घुमटाच्या लहरींनी जंतू मरतात’ छापाचे संदेश वाचून म्हणूनच जीव कळवळतो. खरी गोष्ट इतकी सुंदर असताना खोटी कशाला चिकटवायची? ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणून एकाच रसायनाच्या नावावर सगळं टाकणंही तसंच. एकत्र ताल धरल्यावर माणसं जवळ का येतात, यात लक्ष, अंदाज, स्पर्श, दमणं अशा कितीतरी गोष्टी गुंतलेल्या आहेत.

सहाव्या रात्री आरती संपल्यावर घुमट वाजवणाऱ्या आजोबांनी त्याला विचारलं, “फाल्यां येतलो मरे?” उद्या येणार ना? तो म्हणाला, “येतलों.” आणि थेट घुमटालाच हात घातला. मातीचं ते भांडं, एका तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्यामुळे बकरीचं. २०१९ साली गोवा सरकारनं त्याला वारसा वाद्य ठरवलं. उजव्या हातानं कातड्यावर थाप मारायची आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. त्याचा तळवा पुरेना. आजोबांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, आता मार.