एरी सरोवर ‘मेलं’ नव्हतं

१९६०च्या दशकात अमेरिका-कॅनडा सीमेवरचं एरी सरोवर मेलं आणि पाण्याच्या शुद्धतेसाठी दोन्ही देशांनी केलेल्या १९७२च्या करारानं ते जिवंत झालं, असं अजूनही सांगितलं जातं. दोन्ही अर्धसत्यं आहेत.

सरोवरात जीव कमी नव्हते, शेवाळ बेसुमार होतं. सांडपाणी, डिटर्जंट आणि शेतांतून येणारं फॉस्फरस हे त्याचं खत. सरोवराच्या मधल्या भागात उन्हाळ्यात तळाशी थंड पाण्याचा पातळ थर अडकतो. मेलेलं शेवाळ तिथं कुजतं, ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली जातो आणि मासे तिथून पळतात. वरच्या पाण्यात मात्र सगळं सुरूच.

दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाकडे या प्रदूषणाची तपासणी १९६४मध्येच सोपवली होती, म्हणजे सरोवराला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवर तरंगणाऱ्या तेलानं १९६९मध्ये पेट घेतला त्या गाजलेल्या आगीआधी. करारानंतर मोठ्या सांडपाणी प्रकल्पांना लिटरला १ मिलिग्रॅम फॉस्फरसची मर्यादा आली. सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाशी मोजता येतं ते फॉस्फरस आटोक्यात आलं.

शेतातलं नाही. त्यातही मातीला चिकटलेल्या फॉस्फरसपेक्षा विरघळलेलं जास्त घातक, कारण शेवाळ ते जवळपास सगळं वापरतं. म्हणून २०१६मध्ये शेतांतलं पाणी सरोवरात आणणाऱ्या मॉमी नदीसाठी मार्च ते जुलैची वेगळी उद्दिष्टं ठरली: एकूण फॉस्फरस ८६० टन, त्यातलं विरघळलेलं १८६ टन. नुसता एकूण आकडा पाहिला तर नेमकी हीच गोष्ट निसटते.

२०१४च्या ऑगस्टमध्ये शेवाळाच्या विषामुळे, सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. ते उकळूही नका, असंही बजावावं लागलं: उकळल्यानं हे विष जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं.