ग्रहणातली मादी आणि गर्भाची फुगवण

७ सप्टेंबर २०२५, चंद्रग्रहणाची रात्र. नाशिकजवळ मखमलाबादला माझ्या मावशीने सशाची मादी पिंजऱ्यासकट आतल्या खोलीत नेली आणि खिडकीला चादर लावली. मादीला नराकडे सोडून चार दिवस झाले होते. "तिने धरलंय पोटात, ग्रहण बाधायला नको," मावशी म्हणाली. पृथ्वीची सावली त्या रात्री चंद्रावर पडली. मादीच्या पोटाशी तिचा काडीचाही संबंध नाही. शिवाय चौथ्या दिवशी गर्भाने गर्भाशयाला मुळी धरलेलंच नसतं. तो तिथे सुटा असतो, आणि याच दिवसांत त्याच्याभोवती जे घडतं ते मला विलक्षण वाटतं.

सशाच्या मादीची बीजं सुटतात तीच मुळी समागमानंतर सुमारे दहा तासांनी. फलन बीजवाहिनीत होतं. गर्भ पुढे सरकत असताना ही नळी त्याच्यावर म्युसिन या बुळबुळीत पदार्थाचे थरावर थर चढवते. इतकं जाड वेष्टण ही सशाची खासियत, उंदराच्या गर्भाला ते नसतं. गर्भाशयात पोचेपर्यंत तिथलं अस्तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे घड्याघड्यांचं, जाड झालेलं असतं आणि युटेरोग्लोबिन हे प्रथिन स्रवू लागतं.

मग फुगवण. आपल्या द्राक्षबागांतला हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. बीज जेमतेम ०.१५ मिलिमीटरचं, सातव्या दिवशी गर्भाचा पोकळ गोळा सुमारे ५ मिलिमीटरचा. म्हणजे आकारमान ३५ हजारपटींहून जास्त! हे सगळं पेशींच्या वाढीने होत नाही, आत पाणी भरतं. बेदाणा पाण्यात फुगतो तो आतल्या दाट साखरेमुळे, शाळेत शिकलेल्या परासरणाने. गर्भ त्यासाठी सोडियम वापरतो. त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. पेशीच्या पोकळीकडच्या अंगाला प्रथिनांचे पंप असतात. एक पंप एका फेरीत ३ सोडियम आयन पोकळीकडे लोटतो, २ पोटॅशियम आयन पेशीत ओढतो आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. बाहेरच्या अंगाने सोडियम पुन्हा पेशीत शिरतं, पंप ते पुन्हा पुढे लोटतो. विद्युतभाराच्या ओढीने क्लोराइड मागोमाग जातं आणि क्षारांमागे पाणी. ओउबेन हे रसायन पोकळीच्या बाजूने दिलं की पंप थांबतो आणि पाणी भरणंही अडतं.

हे फुगणं गर्भाशयाला जाणवतं. ताणलेला स्नायू आकुंचन पावतो, गोळे पुढे सरकतात आणि गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत, म्हणजे नळीसारख्या दोन फाट्यांत, जवळपास सारख्या अंतरावर पसरतात. सातव्या दिवशी प्रत्येक गोळा इतका मोठा होतो की गर्भाशयाची भिंत त्याच्याभोवती घुमटासारखी फुगते आणि त्याला जागीच धरते. वेष्टणं विरघळतात, बाहेरच्या पेशी आधी एका बाजूच्या अस्तराला चिकटतात आणि पुढे दुसऱ्या बाजूच्या घड्यांत वार तयार होते.

बाराव्या दिवशी मावसभावाने मादीचं पोट हलक्या हाताने चाचपलं. बोटांखाली ओळीने मऊ गाठी लागल्या. त्याने माझा हात धरून तिथे ठेवला, आणि मी त्या मोजल्या: सहा.