कोडावरचे प्रकाशोपचार: भाजण्याचा धोका आणि त्यामागची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कोडावर बावचीच्या बियांचा लेप लावून उन्हात बसायचा जुना उपाय आजही सुचवला जातो. तो निराधार नाही. बावचीतल्या सोरालेन या द्रव्यामुळे त्वचा उन्हातल्या अतिनील-अ (यूव्हीए) किरणांना फार संवेदनशील होते. पण बियांत सोरालेन किती आणि अंगावर ऊन किती पडलं, यांतलं काहीच मोजलेलं नसतं. शिवाय हे भाजणं ४८ ते ७२ तासांनी पुरतं दिसतं. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून माणूस दुसऱ्या दिवशीही उन्हात बसतो, आणि तिसऱ्या दिवशी फोड येतात. कोड पसरत असेल तर भाजल्या जागी नवा डागही उठू शकतो.

१९४० च्या दशकात इजिप्तमध्ये त्वचारोगतज्ज्ञ अल मोफ्ती यांनी शुद्ध सोरालेन कोडावर वापरलं. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरालेनची गोळी आणि अतिनील-अ दिवे यांची सांगड सोरायसिससाठी घातली गेली, तीच ‘पुवा’. मात्रा मोजता आली, तरी गोळीनं मळमळ होई आणि डोळ्यांसह सगळं अंग दिवसभर संवेदनशील राही. म्हणून गोळी घेतल्यापासून २४ तास अतिनील किरण अडवणारा चष्मा लागतो, आणि दवाखान्यातून थेट ऊसतोडीला जाणं धोक्याचं. वर्षानुवर्षं पुवा घेतलेल्यांत त्वचेचा कर्करोग वाढलेला आढळला. १९९० मध्ये पुरुषांच्या जननेंद्रियावरच्या कर्करोगाच्या गाठींचा धोका समोर आला. तो भाग झाकायची शिस्त त्यानंतर पक्की झाली.

आजचे अरुंद-पट्टा अतिनील-ब दिवे (साधारण ३११ नॅनोमीटर तरंगलांबीचेच किरण देणारे) कोडासाठी १९९७ पासून पुढे आले. गोळी नाही, कर्करोगाची भीतीही पुवाच्या तुलनेत बरीच कमी. किरणांची मात्रा सुरुवातीला साधारण २०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर, आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठ दिवशी नाही, दर वेळी १० ते २० टक्के वाढ. लाली २४ तासांत उतरली नाही तर मात्रा वाढवत नाहीत. दुखलं किंवा फोड आला तर उपचार थांबवतात.

आमच्या भागात खरी गफलत होते ती खंडामुळे. रोपलावणीत तीन आठवडे येणं चुकतं आणि नंतर ‘मागच्याइतकंच द्या’ असा आग्रह होतो. एवढ्यात त्वचेची सवय मोडलेली असते. ८ ते १४ दिवसांचा खंड पडला तर मात्रा २५ टक्क्यांनी, १५ ते २१ दिवसांचा पडला तर निम्म्यानं उतरवतात. त्याहून जास्त झाला तर पहिल्यापासून. दिव्याच्या नव्या नळ्या बसवल्यावरही त्यांचा जोर जास्त असतो, म्हणून मीटरनं मोजून वेळ कमी करावी लागते. मधल्या काळात डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक किंवा रक्तदाबाची थायझाइड गोळी अशी त्वचा किरणांना संवेदनशील करणारी औषधं सुरू झाली असतील, तर ते दिव्यापुढे उभं राहण्याआधीच सांगावं.