शंकासुरावरची अळी

शंकासूर आपल्या रोजच्या बघण्यातला. सोसायटीच्या कुंपणाशी, एसटी स्टँडच्या कडेला, लाल-पिवळ्या फुलांतून लांबच लांब पुंकेसर बाहेर काढून उभा असतो. मूळचा तो अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला. १७०५ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या एका ग्रंथात त्याचं चित्र आहे. त्यात नुसता फुलोरा नाही. अळी, कोष आणि पतंग अशी एका किड्याची सगळी रूपं त्याच डहाळीच्या सोबतीनं काढली आहेत.

हे चित्र मारिया सिबिला मेरियनचं. तिचा जन्म फ्रँकफुर्टचा, १६४७ सालचा. किडे चिखलातून, कुजक्या मांसातून आपोआप उपजतात असं मानणारे तेव्हा खूप होते. मारियानं मात्र तेराव्या वर्षीच रेशमाचे किडे पाळून अंड्यापासून पतंगापर्यंत त्यांचं निरीक्षण केलं, आणि तो नाद कायमचाच लागला.

पुढे ॲमस्टरडॅमच्या श्रीमंतांच्या संग्रहांत तिला दूरदेशीची अप्रतिम फुलपाखरं दिसली, पण सगळी मेलेली. त्यांची अळी कशी असते, ती कुठलं पान खाते, याचा पत्ता नाही. मग स्वतःची चित्रं विकून तिनं प्रवासखर्च उभा केला आणि १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनामला निघाली. त्या काळी ही केवढी हिंमत!

तिथल्या मळेवाल्यांना उसाशिवाय कशातच रस नव्हता. ते तिची टिंगल करत. ती रानातून अळ्या आणायची, त्यांना त्यांचाच पाला घालायची आणि कोष फुटायची वाट बघायची. काही अळ्यांशी तिनं भलतेच पतंग जोडले, हेही खरं. पण किडा आणि त्याचं झाड एकाच चौकटीत दाखवण्याची तिची रीत मला फार मोलाची वाटते. आजारपणामुळे १७०१ मध्ये तिला परतावं लागलं. पक्षी खाणारा कोळी तिनं काढला, तेव्हा पुढे कित्येकांनी ती थाप ठरवली. एकोणिसाव्या शतकात ॲमेझॉनच्या खोऱ्यात हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं तसा कोळी प्रत्यक्ष पाहिला.

सुरिनामच्या रानात मारियासाठी वाट काढायला कुऱ्हाडी घेऊन पुढे गेले ते गुलाम. शंकासुराच्या चित्रासोबत मारियानं लिहून ठेवलंय, की मालकांच्या छळाला कंटाळलेल्या गुलाम बायका त्याच्या बिया खाऊन गर्भ पाडत, आपलं मूल गुलाम होऊ नये म्हणून. हे त्यांनीच तिला सांगितलं होतं.