पहिलं पिस्तूल आणि दोन मिलिमीटरचा हिशेब

सिनेमात गोळी लागली की माणूस चार फूट मागे उडतो आणि काच फोडून पलीकडे पडतो. शाळेतला संवेग अक्षय्यतेचा नियम इथे लावून बघा. 9 मिमीची 8 ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगाने आली, तर तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, होतो 2.8 (किलोग्रॅम × मीटर/सेकंद). हा सगळा 70 किलोच्या माणसाला मिळाला, तरी तो सेकंदाला जेमतेम 4 सेंटीमीटर वेगाने सरकेल. एवढ्यात काच फुटत नाही.

पहिलं पिस्तूल निवडताना ऐकू येणाऱ्या कॅलिबरच्या गप्पाही अशाच. आकडा गोळीची जाडी सांगतो, तीही अंदाजे. .38 स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .357 इंचाची आणि 9 मिमीची .355 इंचाची, म्हणजे जाडीत दोघी जवळपास सारख्याच. '.45 म्हणजे हत्ती लोळवणारी' हे तर निव्वळ दुकानदारीचं बोलणं. तिची गोळी 14.9 ग्रॅमची, वेग 255, ऊर्जा सुमारे 485 ज्यूल. 9 मिमीची 490. फरक पडतो संवेगात: 3.8 विरुद्ध 2.8. आणि चाप ओढणाऱ्याच्या हाताला कळतो तो संवेगच.

आता खरी गंमत. बार उडतो तेव्हा 9 मिमीच्या काडतुसात हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो. गोळी नळीत असतानाच पुंगळी (काडतुसाचं कवच) मागे निघाली तर तिची पातळ पितळी भिंत फाटेल. मग पिस्तूल आपोआप उघडतं, पण वेळेआधी नाही, हे कसं? अमेरिकी बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या रचनेत नळी आणि स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकींत अडकलेल्या असतात आणि सुरुवातीला जोडीनेच मागे सरकतात. दोघींचं वजन 450 ग्रॅम धरा. गोळीचा पुढचा आणि या जोडीचा मागचा संवेग सारखाच, म्हणून 8 ग्रॅमच्या गोळीने नळीतलं 100 मिलिमीटर अंतर कापलं, तर जोडी मागे येते 8 × 100 ÷ 450, म्हणजे 1.8 मिलिमीटर. गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंत स्लाइड एवढीच मागे आलेली असते. (बारूदाच्या वायूचंही वजन असतं, त्यामुळे आकडा थोडा वाढतो.) मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, खाच सुटते आणि एकटी स्लाइड पुंगळी ओढत मागे जाते. तोवर दाब ओसरलेला असतो. ना घड्याळ, ना सेन्सर; वेळ सांभाळतं ते वस्तुमानांचं गुणोत्तर.

.32 मध्ये दाब कमी, गोळी 4.6 ग्रॅमची, संवेग 1.3 च्या आसपास. तिथे बहुधा ही अडकवणी नसतेच. जड स्लाइड आणि ताठ स्प्रिंग एवढ्यावर भागतं. म्हणूनच छोटं .32 हातात अपेक्षेपेक्षा तडक लागतं आणि त्याची स्लाइड ओढायला नवख्याचा अंगठा दुखतो.

आपल्याकडे निवड बरीचशी कायदाच करतो. 9 मिमी हा निषिद्ध बोअर (सामान्यांना मनाई असलेला नळीचा व्यास) असल्याने सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .32 येतं. शिकायला मात्र 4.5 मिमीचं एअर पिस्तूल उत्तम. 20 ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही आणि स्पर्धेच्या छऱ्याची ऊर्जा तर सहाच्या आसपास. त्यानंतर रेंजवरचं .22. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटरचं सुवर्ण याच बोअरने जिंकलं.

नवख्यांचे दोन घोटाळे ठरलेले. पहिला ढिल्या मनगटाचा: दस्ताच स्लाइडबरोबर मागे जातो, स्लाइडला पूर्ण फेरी मिळत नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच अडकते. दोष पिस्तुलाला दिला जातो. (दसऱ्याच्या पूजेतलं हळदकुंकू तेलात कालवून स्लाइडच्या खाचेत बसलं असेल, तर मात्र दोष भक्तीचा. फूल वाहा, पूड नको.)

दुसरा घोटाळा धक्क्याच्या धास्तीचा. गोळी मिलिसेकंदाच्या आत नळीबाहेर पडते, तोंड वर उचललं जातं ते बहुतांशी नंतर; पण बाराआधीच हात खाली दाबला जातो आणि उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जमा होतात. प्रशिक्षकाला सांगून मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत दोन नकली मिसळून घ्या, कुठे ते आपल्याला न सांगता. चाप ओढला, बार उडालाच नाही आणि तरी नळीचं तोंड खाली झुकलं, तर कॅलिबर बदलून काही होणार नाही.